थांबल्यावर पुढं काय, ते पण छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नवीन गाड्यांतल्या सोयींवर अर्धं पान आलं होतं. त्यात एक ओळ होती की ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल असलेली गाडी ट्रॅफिकमध्ये आपोआप थांबते नि आपोआप निघते, त्यामुळं ड्रायव्हरच्या पायाला आराम मिळतो. ती ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला आणि पोराला हाक मारली, म्हणलं हे बघ, तुझ्या शोरूमवाल्यानं जे सांगितलं तेच हितं छापून आलंय. पोरगा नुसता हसला कारण त्या एका ओळीपायी आमच्या नव्या गाडीचा बंपर चार महिन्यांतच रंगवायला टाकावा लागला होता. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तुम्ही काटछाट करणार ते माहिती आहे, पण निदान थांबल्यानंतरचा भाग तेवढा काटू नका.

आधी माझं सांगतो, नाहीतर वाटंल कोण हा शहाणा. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली बरीच सातारा-स्वारगेट विनाथांब्यावर गेली. खंबाटकी घाटाची वळणं झोपेत विचारली तरी सांगीन. रिटायर झाल्यावर पोरानं ऑटोमॅटिक गाडी घेतली, हे क्रूझवालं मॉडेल, आणि मी शेजारच्या सीटवर. एसटीवाल्याला शेजारच्या सीटवर बसवणं म्हणजे काय असतं ते आमच्या सूनबाईला विचारा. माझा पाय अजून बी आपोआप पुढं जातो, मोकळ्या मॅटवर ब्रेक मारतो.

आता ही भानगड काय आहे ते थोडक्यात, सगळ्या वाचकांना माहिती असंलच असं नाही. (ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलला थोडक्यात एसीसी म्हणतात, पण एसीसी म्हणलं की आमच्या आळीत लोक सिमेंटचं पोतं समजतात.) साधं क्रूझ म्हणजे वेग लावून द्यायचा, समजा ८०, आणि पाय काढून घ्यायचा, गाडी ८० धरून चालते, पुढं कोण आहे नाही तिला काही देणंघेणं नाही. ते जुनंच आहे, अमेरिकेत राल्फ टीटर म्हणून इंजिनिअर होता त्याला १९५० साली त्याचं पेटंट मिळालं, आणि गंमत म्हणजे तो माणूस लहानपणापासून आंधळा होता. सांगतात की त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी व्हायचा, ऐकायला लागला की वाढायचा, त्या हिसक्यांना कंटाळून टीटरनं हे काढलं. १९५८ ला क्रायस्लरच्या गाडीत ते पहिल्यांदा आलं. म्हणजे जो कधी चालवणारच नव्हता त्यानं शेजारी बसून बसून वैतागून शोधलं, आणि हे वाचल्यापासनं मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

ॲडॅप्टिव्ह म्हणजे त्याच्या पुढची पायरी. गाडीच्या नाकाडात, जाळीच्या नाहीतर कंपनीच्या चिन्हाच्या मागं, रडार असतंय, आणि बऱ्याच गाड्यांत काचेच्या वर आरशामागं कॅमेरा. ते पुढच्या गाडीवर नजर ठेवतं आणि आपण लावलेलं अंतर राखतं, पुढची हळू झाली की आपली हळू, ती पळाली की आपली परत ८० ला. हे अंतर मीटरमध्ये नसतंय, सेकंदात असतंय, एक ते दोन-सव्वादोन सेकंद असं काहीतरी, म्हणजे वेग वाढला की अंतर आपोआप वाढतं. हा हिशोब मला आवडला, आम्हाला ट्रेनिंगला हेच शिकवलेलं, पुढच्या गाडीची सावली ज्या खांबावरनं गेली तिथं आपण पोचेपर्यंत एक-दोन मोजायचे. मर्सिडीजनं १९९९ साली रडारवालं आणलं तेव्हा ते ताशी ३० च्या खाली काम सोडायचं, ट्रॅफिकमध्ये पार थांबायची अक्कल त्याला २००५ च्या सुमारास आली. म्हणजे बघा, हायवेवर अंतर राखणं ही मूळ सोय, आणि थांबणं-निघणं मागनं जोडलेलं. आणि मागनं जोडलेलं असल्यामुळं की काय, प्रत्येक कंपनीनं ते आपापल्या पद्धतीनं जोडलंय. सगळा घोळ इथं आहे.

एसटीत कसं होतं, एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे निघ. टिंग. टिंग टिंग. राज्यात कुठल्याही डेपोची गाडी असू दे, कंडक्टर नवीन असू दे, घंटी तीच. ह्या नव्या गाड्यांत एका घंटीवर थांबायचं सगळ्यांनी पाळलंय, पण निघायची घंटी कुणी द्यायची, आणि घंटी होईपर्यंत ब्रेक कुणाच्या पायाखाली, ह्याचा नियम गाडीगणिक वेगळा. आणि आमच्या पोराला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

झालं असं. शनिवारी संध्याकाळी आम्ही पुण्यावरनं येत होतो, आनेवाडीच्या टोलला लाईन लागलेली. शनिवारची लाईन म्हणजे अर्धं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं ते पाचवडला वळेल असं आपण म्हणतो, पण वाईकडं वळायचं सोडून बरेच जण पुढं येऊन मेढ्याकडनं जातात, असो. पुढं एक छोटा हत्ती होता, मागं रिकामे क्रेट, दोरीनं बांधलेले. क्रूझ चालूच होतं. गाडी त्या छोट्या हत्तीच्या मागं हळू हळू होत होत अशी मऊ थांबली की मी म्हणलं वा, मला एवढं मऊ जमायला दहा वर्षं लागली होती. पोरगा खुश. म्हणला बघा आप्पा, पाय कुठंय माझा, आणि खरंच दोन्ही पाय मागं घेऊन बसलेला, आणि मागं वळून सूनबाईकडनं शेंगांची पुडी घ्यायला लागला. तेवढ्यात पीप पीप झालं. समोर पडद्यावर काहीतरी अक्षरं आली नि गेली. आणि गाडी चालायला लागली.

पळाली नाही हो. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की जशी आपली आपली सरपटते, बैल दावं सोडल्यावर दोन पावलं चालतो तशी, तेवढीच. पण पुढं जागा किती, हात-दीड हात. माझा पाय मॅटवर. ठप्प. क्रेट हलले, छोट्या हत्तीची नंबरप्लेट वाकली, आमच्या बंपरवर त्याच्या हुकाचा वण.

छोटा हत्तीवाला उतरून आला, उंब्रजकडचा गडी, आधी गाडी बघितली, मग पोराच्या हातातली शेंगांची पुडी बघितली. "काय दादा, उभ्या गाडीला ठोकता व्हय?" आता ह्यावर काय बोलणार. पोरगा म्हणला, "गाडी आपोआप गेली ओ." तो म्हणला, "आणि तुमी आत बसून काय करत हुता?" मागनं हॉर्न सुरू. मी उतरलो, एसटीत होतो म्हणून सांगितलं तसा गडी जरा नरमला, त्याचा चुलता पण एसटीतच निघाला, कराडला. नंबरप्लेट हातानं सरळ केली, दोनशे रुपये देत होतो ते घेतले नाहीत, शेंगा मात्र घेतल्या.

घरी आल्यावर मी गाडीचं मॅन्युअल काढलं. प्लास्टिकच्या पाकिटातनं ते तोवर बाहेरच आलेलं नव्हतं. इंग्रजीत, बारीक अक्षर, नातवाकडनं वाचून घेतलं आणि भाच्याला फोन लावून समजून घेतलं. भाचा तासगावचा, इंजिनिअर, पुण्यात गाड्यांच्याच सॉफ्टवेअरचं काम करतो. तर त्या मॅन्युअलात चौकटीत स्वच्छ लिहिलेलं होतं की गाडी पूर्ण थांबल्यावर सिस्टीम साधारण दोन सेकंदच ब्रेक धरून ठेवते, नंतर आवाज करून सिस्टीम रद्द होते आणि ब्रेक सुटतो, तेव्हा ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवावा. दोन सेकंद! आमच्या गाडीला ओढायचा हँडब्रेक आहे, दोन सीटच्या मधला, बटणवाला इलेक्ट्रिक नाही. भाच्यानं सांगितलं मामा त्यामुळंच ते, ज्या गाडीत हँडब्रेक गाडीला स्वतःला लावता येत नाही ती गाडी जास्त वेळ थांबवून ठेवायची जबाबदारी कंपनी बऱ्याचदा घेत नाही, काय बिघडलं तर धरायला दुसरं काही नाही ना. म्हणजे त्यांचं बरोबर आहे. पीप पीप म्हणजे ती गाडी म्हणत होती की पाव्हणं, माझी ड्यूटी संपली, घ्या तुमची गाडी. फक्त चार्ज द्यायचा तो कुणाच्या ताब्यात देतोय ते बघायची तिच्यात सोय नव्हती.

मग ह्याच भाच्याच्या गाडीत बसून बघितलं. ती दुसऱ्या कंपनीची, बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक. सांगलीला निघालो होतो, पेठ नाक्याला वळून, आष्ट्याच्या अलीकडं रस्त्याचं काम होतं तिथं लाईन. गाडी थांबली. मी आपला तोंडानं मोजतोय, एक, दोन. पुढची हलली. आमची पण हलली, भाच्यानं काही केलं नाही. परत थांबली. एक, दोन, तीन, चार, पाच, पुढची हलली, आमची जागची हलेना. पडद्यावर आलं की बटण दाबा किंवा ॲक्सिलरेटरला पाय लावा. त्यानं बोटानं स्टेअरिंगवरचं बटण दाबलं, निघाली. म्हणजे ह्या गाडीला तीन सेकंदांच्या आत घंटी लागत नाही, तीन सेकंदांच्या वर दोन घंट्या द्याव्या लागतात. आणि तशीच बराच वेळ उभी ठेवली, चार-पाच मिनिटं, तर ती आपला हँडब्रेक आपणच लावून घेते आणि क्रूझ बंद करते. दार उघडलं नाहीतर बेल्ट सोडला तरी तेच. भाचा म्हणला की काही महागड्या गाड्यांत ती तीन सेकंदांची मुदत अर्ध्या मिनिटापर्यंत असते. आणि उलट काही मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत क्रूझ असूनही थांबायचा प्रश्नच नाही, वेग ठराविक आकड्याच्या खाली आला, बहुतेक ३० च्या आसपास, की पीप करून हात वर. तिथं क्लच तुमचा, ब्रेक तुमचा, गाडी तुमची.

आता सांगा संपादक साहेब, "आपोआप थांबते नि आपोआप निघते" ह्या ओळीत ह्यातली कुठली गाडी बसली? एकाच घरात बापाची एक नि पोराची एक अशा दोन गाड्या असतील तर सकाळी एकीची सवय, संध्याकाळी दुसरीत मुका मार.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. जुन्या ड्रायव्हरची सवय, गाडी थांबली की पाय ब्रेकवर. चांगली सवय आहे. पण बऱ्याच गाड्यांत ब्रेकला पाय लागला की क्रूझ रद्द होतं, थांबलेलं असताना सुद्धा. तुम्हाला वाटतं सिस्टीमनं धरलीय, सिस्टीमला वाटतं ह्यांनी धरलीय, आणि पाय उचलला की गाडी सरपटायला लागते. आमच्याकडं शेताच्या बांधावरनं दोघा भावांचं असंच होतं, पाणी कुणी बंद केलं, तू केलं असशील. ह्यात काही गाड्यांत ऑटो होल्ड म्हणून वेगळंच बटण असतंय, ते लावलं तर ब्रेकनं थांबवलेली गाडी सुद्धा धरून ठेवते, पण ते क्रूझचं नाही, ते निराळं. दोन्हीचं चिन्ह शेजारी शेजारी, दोन्ही हिरवी. कुठलं कशासाठी लागलंय हे बघायला माणूस टोलच्या लाईनीत चष्मा काढत नाही.

आणि टोलनाक्याचंच अजून एक सांगतो. लाईनीत आपण छोट्या हत्तीच्या मागं दहाच्या वेगानं चाललोय, पण लावलेला वेग ९० चा तसाच आहे, तो गाडीनं विसरलेला नाही. पुढच्यानं शेजारची रिकामी लेन बघून सटकन कट मारला, की आपल्या गाडीपुढं मोकळं. तिला काय माहिती हा टोल आहे, तिनं लगेच ९० कडं उचल खाल्ली. पुढं आडवा दांडा, खुर्चीवर बसलेला माणूस. म्हणून आता आमच्यात नियम केलाय, टोलचा पहिला बोर्ड दिसला की क्रूझ बंद, वाद नाही.

वळणाचं पण तसंच. खंबाटकीत चढताना पुढची गाडी वळली की रडारच्या समोरनं बाजूला जाते, रडार सरळ बघतं, थोडंफारच बाजूचं दिसतं, त्याला वाटतं गेली वाटतं, आणि गाडी चढावर वळणात वेग घेते. मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी पोराला शिव्या घातल्या की वळणात कुणी रेस देतं का. त्यानं दिलीच नव्हती. आणि मोटारसायकल कडेनं चालली असली तर ती दिसेलच असं नाही, हे पण मॅन्युअलात लिहिलंय. आमच्या जिल्ह्यात मोटारसायकल कडेनं नाही तर कुठनं चालते?

आता खरा विषय, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. थांबलेल्या गाडीचं. लोक म्हणतात पुढं गाडी थांबली असंल तर आपली थांबणार. अर्धं बरोबर आहे. रडारनं जी गाडी चालताना बघितलीय आणि मग ती थांबली, तिच्यामागं आपली थांबते, बहुतेक वेळा छान थांबते. पण जी आधीपासनंच उभी आहे, तिचं तसं नाही. भाच्यानं हे मला जेवणाच्या ताटावर मांडून दाखवलं, वाटी म्हणजे आपण, चमचा म्हणजे पुढची गाडी, मीठ म्हणजे दुभाजक. रडारला प्रत्येक वस्तू आपल्याकडं किती वेगानं येतेय ते कळतं. आपण ८० नं चाललो, पुढची ७० नं, तर ती १० नं जवळ येतेय. पण दुभाजक, वरची कमान, किलोमीटरचा दगड, पुलाचा कठडा, रस्त्यावरचं लोखंडी झाकण, ही सगळी ८० नं आपल्याकडं येतात, कारण ती उभी आहेत. आणि उभी गाडी पण ८० नंच येते. रडारला ती सगळी एका रांगेतली. प्रत्येक कमानीला बघून गाडीनं ब्रेक मारला तर मागचा कंटेनर डिकीत येईल. म्हणून ज्या वस्तू कधी हलताना दिसलेल्याच नाहीत त्या मोठ्या वेगात बऱ्याच वेळा सोडून द्यायच्या, असं त्या सॉफ्टवेअरला शिकवलेलं असतंय. नव्या गाड्यांत कॅमेरा जोडीला असल्यामुळं सुधारलंय, दिवसा समोर सरळ उभी मोटार असली तर ओळखते, पण मॅन्युअलमध्ये ते वाक्य अजून आहेच की उभ्या वाहनासाठी सिस्टीम ब्रेक मारेलच असं नाही.

आता आपल्या भागात नोव्हेंबरपासनं फेब्रुवारी-मार्चपर्यंत रस्त्यावर उभं काय असतं? उसाची ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर तो वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. पंक्चर झाली की जागेवरच जॅक, मागं चार दगड नि एक बाभळीची फांदी. ही आपली इंडिकेटरची पद्धत. अमेरिकेतल्या नाहीतर जर्मनीतल्या माणसानं रडार बनवताना बाभळीच्या फांदीचा विचार केलेला नसणार.

नागठाण्याच्या पुढं रात्री साडेनऊ. आमची गाडी ८० लावलेली पण पुढं एक पांढरी मोटार ७० नं चाललेली, तिच्यामागं आम्ही पण ७० नं. एकदम ती मोटार उजवीकडं गेली. तिच्या ड्रायव्हरला ट्रॉली दिसली, आम्हाला ती मोटार आड असल्यामुळं काहीच दिसत नव्हतं. आणि ह्या क्षणाला आमच्या गाडीनं काय करावं? पुढचा अडथळा गेला म्हणून वेग वाढवला, ७० चे ८० करायला लागली. मला इंजिनचा आवाज वाढलेला ऐकू आला आणि हेडलाईटमध्ये आधी दगड दिसले, मग फांदी, मग ऊस. पोरानं ब्रेक मारला, पूर्ण, दोन्ही हात ताठ करून. थांबली. फांदीवर थांबली. सूनबाईच्या मांडीवरचा डबा पुढं माझ्या पायाशी. ट्रॅक्टरवाला जॅकपाशी बसलेला, त्यानं मान वर करून बघितलं नि परत नट फिरवायला लागला, म्हणजे त्याच्यासाठी ही रात्रीतली कितवी गाडी होती कोण जाणे.

ह्यात गाडीची चूक काही नाही. तिला जेवढं शिकवलंय तेवढं तिनं केलं. एकदम शेवटच्या घटकेला जोरात ब्रेक मारणारी दुसरी सिस्टीम त्याच गाडीत आहे, ती कदाचित मध्ये पडली असती, कदाचित नसती, आम्ही वाट बघत बसलो नाही. पण ती निराळी आणि क्रूझ निराळं. क्रूझचा ब्रेक मुळात मऊच ठेवलेला असतो, त्याला आंतरराष्ट्रीय मानकातच मर्यादा आहे, मोठ्या वेगाला दर सेकंदाला साडेतीन मीटर पर सेकंदानंच वेग उतरवायचा. भाच्यानं हिशोब करून दिला, ८० च्या वेगाला तेवढ्याच ब्रेकवर गाडी उभी राहायला ७० मीटर लागतात. कोरड्या डांबरावर माणसानं पूर्ण ब्रेक दाबला तर तीच गाडी ३०-३२ मीटरमध्ये उभी राहू शकते, पाय ब्रेकवर पोचायला जातो तेवढा वेळ वेगळा. आणि ८० ला एका सेकंदात २२ मीटर जातात. आता पाय मागं घेऊन, मांडी घालून बसलेल्या माणसाला (मी बघितलेत असे, खोटं नाही सांगत) तो पाय शोधून ब्रेकवर न्यायला किती सेकंद लागतील ते ज्यानं त्यानं घरी मोजावं.

मला ही सोय वाईट म्हणायची नाही. शिरवळ ते सुरूर, मधला खंबाटकी घाट सोडून, मोकळा रस्ता असला की गुडघा दुखणाऱ्या माणसाला देवासारखी आहे. एसटीत असती तर माझा उजवा गुडघा अजून दहा वर्षं टिकला असता. लाईनीत सुद्धा, काय करते ते नीट माहिती असंल तर त्रास कमी होतो. साताऱ्यात पोवई नाक्यावर मात्र मी लावू देत नाही, ग्रेड सेपरेटर, म्हणजे खालनं जाणारा भुयारी रस्ता, झाला तरी वरती माणसं दोन गाड्यांच्या फटीतनंच रस्ता ओलांडणार, एखादी आजी पिशवी घेऊन बंपरला हात लावून जाते, आणि आपली गाडी तीन सेकंदांच्या आत आहे म्हणून आपली आपण निघणार. पुढच्या गाडीला बघून निघते ती, आजीला बघून थांबेल का हे मला मॅन्युअलात छातीठोक कुठं सापडलं नाही.

तक्रार आहे ती शोरूमची. कुठलं ते लिहीत नाही, एकाचं नाव घेऊन काय उपयोग, सगळीकडं तेच ऐकू येतंय. गाडी ताब्यात देताना नारळ फोडला, पेढे दिले, हार घातला, फोटो काढला, मोठ्या चावीचा पुठ्ठा हातात दिला, पडद्यावर गाणी कशी लावायची ते वीस मिनिटं सांगितलं. क्रूझचं काय, तर "सर हे दाबा, बाकी सगळं ऑटोमॅटिक." टेस्ट ड्राइव्ह बॉम्बे रेस्टॉरंट चौकापर्यंत नि परत. अहो, एकदा हायवेला नेऊन दुसऱ्या गाडीच्या मागं थांबवून दाखवा ना. गिऱ्हाइकाला म्हणा आता मोजा, एक दोन तीन, बघा ब्रेक सुटला, बघा आवाज हा असा येतो, आता हे बटण, आता निघाली. दहा मिनिटांचं काम आहे. नवीन ड्रायव्हरला आम्ही सुद्धा पहिल्या दिवशी एकटं फेरीवर सोडत नव्हतो.

आणि तुमच्याकडं एक मागणं. पुरवणीत एवढ्या गाड्यांची किंमत, मायलेज, डिकी किती लिटर हे सगळं रकाने पाडून देता, तसा एक रकाना थांबल्यानंतरचा पण द्या. कुठली गाडी थांबल्यावर किती सेकंद धरते, नंतर सोडते का हँडब्रेक लावते, निघायला बटण लागतं का नाही, आणि मुळात शून्यापर्यंत थांबते का ३० लाच सोडते. कंपन्यांच्या मॅन्युअलात सगळं आहे, फक्त कुणीतरी बसून वाचायला पाहिजे. मी वाचतो म्हणलं असतं, पण माझं इंग्रजी बोर्डापुरतं.

आमच्या घरात आता काय झालंय ते सांगतो नि थांबतो. नातवाला मी एसटीच्या गोष्टी सांगत असतो, त्यातनं त्याला घंटीचा नाद लागला. परवा कोल्हापूरला चाललो होतो, तासवडेच्या अलीकडं लाईन लागली, पोरानं क्रूझ बंद करून ब्रेकवर पाय ठेवला. मागनं नातू म्हणला, "टिंग." गाडी उभी. जरा वेळानं पुढचा टँकर हलल्यासारखा झाला तसा हा ओरडला, "टिंग टिंग!" पोरगा म्हणला, "थांब रे कंडक्टर, टँकर अजून पुढं गेला नाही." आणि खरंच गेला नव्हता, नुसता हलून परत थांबला होता.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
सातारा

ता.क. शोरूमला मराठीतलं मॅन्युअल मागितलं होतं. काउंटरवरचा पोरगा म्हणला, काका मराठीत येत नाही, व्हिडिओ बघा. व्हिडिओ बघितला. त्यात पण गाडी थांबते तिथंच संपतो.